लहान मुलांची पहिली कलाकार्यशाळा घेताना : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

लहान मुलांसाठी चित्रकला आणि हस्तकलेची कार्यशाळा घ्यायची असे मी पहिल्यांदा ठरवले, तेव्हा माझी सगळी तयारी एका नमुन्याभोवती झाली होती. रंगीत कार्डशीटचे एक घुबड मी घरी करून पाहिले, त्याचे वीस संच कापून ठेवले आणि मुलांसाठी फक्त चिकटवण्याचे काम शिल्लक ठेवले. कार्यशाळा वेळेआधी आटोपली, वीसही घुबडे एकसारखी झाली आणि पालकांना ती आवडली. मात्र चार वर्षांच्या एका मुलीने घुबडाचे दोन्ही डोळे पंखावर चिकटवले होते आणि मी ते डिंक ओला असतानाच उचलून मला योग्य वाटणाऱ्या जागी लावून दिले. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उरलेल्या वेळात कशालाही हात लावला नाही.

त्या प्रसंगानंतर मी कार्यशाळेची आखणी मुळापासून बदलली. घरी, शाळेत, वाचनालयात किंवा एखाद्या सभागृहात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी पहिल्यांदाच कार्यशाळा घेणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून तीच आखणी येथे टप्प्याटप्प्याने मांडली आहे.

१. आधी वयोगट ठरवा, कृती नंतर

‘तीन ते आठ वर्षे’ असा वयोगट जाहिरातीत सोयीचा दिसतो, पण एका टेबलाभोवती तो चालत नाही. तीन वर्षांच्या मुलाला कागदावर रंग पसरताना पाहण्यातच आनंद असतो. आठ वर्षांच्या मुलाला आपले चित्र खऱ्यासारखे दिसते की नाही याची चिंता लागलेली असते. ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत कलाशिक्षणाचे काम केलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, ते या कामी आजही उपयोगी पडतात. साधारण दोन ते चार वर्षे हा रेघोट्यांचा काळ, चार ते सात वर्षे हा पहिल्या ओळखू येणाऱ्या आकारांचा काळ आणि सात ते नऊ वर्षांत मूल माणूस, घर, झाड यांच्यासाठी स्वतःची ठरलेली चिन्हे वापरू लागते. या वयोमर्यादा ढोबळ आहेत. एकाच वयाची दोन मुले वेगवेगळ्या टप्प्यांवर असू शकतात आणि त्यात काळजी करण्यासारखे काही नसते.

म्हणून शक्यतो तीन-चार, पाच-सहा आणि सात-आठ असे तीन गट वेगळे ठेवा. माझ्या अनुभवात पहिल्या गटाला ४५ मिनिटे, दुसऱ्याला तासभर आणि तिसऱ्याला दीड तास पुरतो. सर्वांत लहान गटात चार-पाच मुलांमागे एक मोठे माणूस लागते, मोठ्या गटात आठ मुलांमागे एक चालते. पहिल्याच वेळी बारापेक्षा जास्त मुले घेऊ नका. नोंदणी भराभर होऊ लागली की हा आकडा वाढवण्याचा मोह होतो. तेव्हा मुले वाढवण्याऐवजी दुसरी तुकडी ठेवावी.

२. वस्तू ठरवू नका, हातांची क्रिया ठरवा

नव्याने सुरुवात करणारे ‘आज काय बनवायचे’ येथून आखणी करतात. तुम्ही ‘आज हातांनी काय करायचे’ येथून सुरुवात करा. फाडणे, कापणे, चिकटवणे, ठसे उमटवणे, मळणे, घडी घालणे, रंग मिसळणे यांपैकी एका वेळी एकच मुख्य क्रिया आणि फार तर एक जोडक्रिया घ्यावी. ठसेकाम असेल तर दिवसभर ठसेकामच; त्यात चिकटकाम आणि वर टिकल्या अशी भर घातली, की मूल कशातच रमत नाही आणि मोठ्यांचा सगळा वेळ साहित्य पुरवण्यात जातो.

नमुना दाखवावा का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तयार वस्तू दाखवू नये, क्रिया मात्र जरूर दाखवावी, असे माझे ठाम मत आहे. स्पंज रंगात किती बुडवायचा, जास्तीचा रंग काठावर कसा निथळायचा आणि कागदावर दाबून सरळ वर कसा उचलायचा हे एकदा सावकाश करून दाखवा आणि तो कागद बाजूला ठेवून द्या. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला, तेव्हा मुलांना मोठ्यांच्या चित्रांची नक्कल करायला न लावता त्यांचे स्वतःचे काम करू देणे हाच त्यामागचा विचार होता. इतकी वर्षे लोटली तरी कार्यशाळेच्या दारात अजूनही नमुना टांगलेला असतो, याचे मला वाईट वाटते.

सात-आठ वर्षांच्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांना घडीकामासारख्या कामात पायऱ्या शिकायच्या असतात आणि त्या नीट शिकवल्याच पाहिजेत. फक्त घडी पूर्ण झाल्यावर त्या आकाराचे पुढे काय करायचे, हे त्यांच्यावर सोपवावे.

३. साहित्य जमवणे

बारा मुलांच्या एका तासासाठी मी पुढील साहित्य ठेवते :

– प्रत्येकी तीन याप्रमाणे ३६ कागद. ओल्या रंगासाठी १६० ते २०० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) जाड कागद घ्यावा. छपाईचा नेहमीचा ८० जीएसएमचा कागद रेघोट्यांना चालतो, पण ओला होताच सुरकुततो आणि फाटतो.
– बोथट टोकांच्या १४ लहान कात्र्या, त्यांत किमान दोन डावखुऱ्यांसाठीच्या.
– पांढरा डिंक, दोन मुलांत एक अशा सहा उथळ झाकणांत काढलेला, आणि तो लावण्यासाठी जुने ब्रश किंवा कापसाच्या काड्या.
– लाल, पिवळा, निळा आणि पांढरा हे चार पोस्टर रंग.
– रुंद, आखूड दांड्याचे चपटे ब्रश.
– अंगावर उलटे घालण्यासाठी मोठ्या माणसांचे जुने सदरे.
– रद्दी वर्तमानपत्रे, ओली फडकी, कोरडी फडकी, पाण्याची दोन-तीन घमेली.
– वाळवण्यासाठी दोरी आणि चिमटे, प्रत्येक मुलासाठी एक रिकामे पाकीट, पेन्सिल, प्रथमोपचाराची पेटी.

यातील काही गोष्टींबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

कात्री सुरक्षित हवी म्हणून काही जण इतकी बोथट कात्री आणतात की ती कागद कापण्याऐवजी पात्यांमध्ये दुमडते. मुलाला वाटते की आपल्यालाच कापता येत नाही. टोके बोथट आणि पाती धारदार, अशी कात्री हवी. वापरायच्या कागदावर ती आधी स्वतः चालवून पाहा. डावखुऱ्या मुलाच्या हातात उजव्या हाताची कात्री दिली तरी हेच घडते, कारण बोटांचा दाब पाती जवळ आणण्याऐवजी दूर ढकलतो आणि कापायची रेघ वरच्या पात्याआड लपते. साधारण दहा माणसांत एक डावखुरा असतो, त्यामुळे बारा मुलांमध्ये असे एखादे मूल असेलच असे धरून चालावे. पहिल्यांदा कात्री धरणाऱ्या मुलाला मोठा कागद देऊ नका. जाडसर कागदाच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या द्या, म्हणजे कात्री एकदा मिटताच तुकडा पडतो आणि पहिल्याच मिनिटाला हाताला यश मिळते.

रंगांच्या बाबतीत चारही बाटल्या एकदम टेबलावर ठेवू नका. तीन मूळ रंग मनसोक्त मिसळले की शेवटी मातकट करडा रंग उरतो आणि दहा मिनिटांत सगळे कागद एकाच रंगाचे दिसू लागतात. सुरुवातीला पिवळा आणि निळा एवढेच द्या. हिरवा आपल्या हातांनी तयार झाला हे पाहताना पाच वर्षांच्या मुलाचा चेहरा जसा उजळतो, तसा तयार हिरव्या बाटलीने कधीच उजळत नाही. त्यानंतर पांढरा द्या, लाल सर्वांत शेवटी. निळ्यात लाल मिसळून स्वच्छ जांभळा हवा असेल, तर शेंदरीकडे झुकणारा लाल टाळून गुलाबीकडे झुकणारा घ्यावा. प्रत्येक रंगात भांडी घासण्याच्या द्रवाचा एखादा थेंब घातला, तर कपड्यांवरचे डाग धुण्यास सोपे जातात.

सुरक्षिततेबद्दल तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, ‘बिनविषारी’ म्हणजे खाण्याजोगे नव्हे. दुसरी, वेष्टनावर एएसटीएम डी-४२३६ (कलासाहित्यावरील धोक्याच्या इशाऱ्यांचे अमेरिकी मानक) असे छापले आहे एवढ्यावरून साहित्य निर्धोक ठरत नाही. दीर्घकालीन धोक्यांची तपासणी झाली आहे आणि गरज असल्यास तसा इशारा छापला आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो, त्यामुळे पुढचा बारीक मजकूरही वाचावा. तिसरी, कार्यशाळा पाच वर्षांच्या मुलांची असली तरी पालकांच्या कडेवर धाकटे भावंड येते आणि ते खाली उतरते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग ज्या नळकांड्यात टाकून तपासतात, त्याचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असे मानले जाते. मणी, बटणे, चिकटवायचे डोळे हे सारे त्यात बसतात. पाण्यात फुगणारे जेलीसारखे मणी, लहान चुंबक आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या मात्र कोणत्याही वयोगटाच्या टेबलावर आणू नका, कारण त्या पोटात गेल्यास आतड्याला गंभीर इजा होऊ शकते. गरम गोंदाची बंदूक वापरायचीच असेल, तर ती मुलांच्या हाताला न लागणाऱ्या वेगळ्या टेबलावर, केवळ मोठ्यांसाठी ठेवावी.

मळण्यासाठी माती मिळत नसेल, तर दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसे, साधारण एक वाटी पाणी एवढ्यात चांगला गोळा तयार होतो. त्यात मीठ भरपूर असल्याने तो गिळणे धोक्याचे आहे, शिवाय मैद्यात गव्हातील ग्लुटेन असते. त्यामुळे ॲलर्जीची चौकशी केल्याशिवाय तो वापरू नये.

४. कागदपत्रे आणि पालकांशी आधीच बोलणे

नोंदणीच्या वेळी एक पानी अर्ज भरून घ्यावा. मुलाचे नाव आणि वय, पालकांचे दोन संपर्क क्रमांक, ॲलर्जी आणि चालू औषधे, मुलाला न्यायला कोण येणार, आणि छायाचित्रे काढण्यास व ती इतरांना दाखवण्यास संमती आहे की नाही, एवढे त्यात असावे. छायाचित्रांची संमती वेगळ्या सहीने घ्या. कार्यशाळेला पाठवले म्हणजे छायाचित्राला होकार दिला, असे गृहीत धरणे चुकीचे आहे. जागा दुसऱ्याची असेल, तर तिच्या वापराची लेखी परवानगी घ्यावी आणि मुलांसोबत काम करण्यासंबंधी तेथे जे नियम लागू असतील ते आधी समजून घ्यावेत.

त्याच अर्जाखाली मी चार ओळी छापते : मुलांना डाग पडले तरी चालतील असे कपडे घालावेत, प्रत्येक मुलाचे काम वेगळे दिसेल, काही मुले घरी वस्तू न आणता नुसते तुकडे आणतील आणि तेही त्या दिवसाचे पूर्ण काम असेल. या ओळी आधी वाचलेल्या असल्या, की दारातली निम्मी नाराजी टळते.

५. जागेची मांडणी

टेबल मुलाच्या कोपराच्या उंचीचे हवे. तसे नसेल तर जमिनीवर जाड कापड अंथरून बसवणे अधिक चांगले. साहित्य प्रत्येकाच्या पुढ्यात न मांडता दोन-दोन मुलांमध्ये ठेवा. कागद टेबलाला चिकटपट्टीने टेकवला, तर एका हाताने रंगवणाऱ्या लहानग्याचा कागद सरकत नाही.

हात धुण्याचा विचार मांडणीच्या वेळीच करा. माझ्या दुसऱ्या कार्यशाळेत नळ एकच होता आणि तो खोलीबाहेर होता. रंगाने माखलेल्या हातांची बारा मुले भिंतीलगत रांगेत उभी राहिली आणि त्या भिंतीची साफसफाई संध्याकाळपर्यंत चालली. तेव्हापासून मी खोलीतच तीन घमेली ठेवते : पहिल्यात साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे पाणी, तिसऱ्यात ओली फडकी. घमेल्यात पाणी चार बोटेच असावे, आणि शेजारी एक मोठे माणूस उभे असावे.

वाळवण्याची दोरी मुलांना दिसेल अशा ठिकाणी, पण त्यांच्या डोक्यावरून थेंब पडणार नाहीत अशी बांधावी.

६. पहिली दहा मिनिटे

मुले येतील तसतसा मागच्या बाजूला नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहिलेला कागद हाती द्या. नावे नंतर लिहू असे म्हटले, की अखेरीस ओली आणि बेवारशी चित्रे हातात राहतात. समोरच्या बाजूला नाव लिहू नका. ती जागा मुलाची आहे.

एखादे मूल पालकांना सोडायला तयार नसेल, तर त्या पालकांना बसू द्या, मात्र त्यांच्याही हाती वेगळा कागद द्या. रिकाम्या हातांचे पालक पाच मिनिटांत मुलाचा ब्रश धरतात. चिकट, ओल्या गोष्टींना हात लावायला काही मुले घाबरतात. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये, ब्रश किंवा काडी द्यावी आणि बघत बसायचे असेल तर बसू द्यावे.

७. काम चालू असताना मोठ्यांचे हात

साऱ्या आखणीत हा भाग सर्वांत अवघड आहे. मदतनिसांना मी एकच नियम सांगते : मुलाच्या कागदावर आपला हात टेकवायचा नाही. झाकण उघडून द्या, सांडलेले पुसा, कागद धरून ठेवा, कात्री कशी धरायची ते दुसऱ्या कागदावर दाखवा. पण त्याच्या चित्रातली एकही रेघ तुमची नसावी. ‘मला मांजर काढून दे’ असे मूल म्हणाले, तर मांजर काढून न देता विचारा की मांजराचे सर्वांत आधी काय आठवते. शेपटी म्हणाले तर शेपटीपासून सुरुवात होऊ द्या. बहुतेक वेळा शेपटीनंतरचे सगळे मूल स्वतःच काढते.

बोलण्याचीही सवय बदलावी लागते. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाने अडचण होते, कारण लहान मुलाच्या रेघोट्या बऱ्याचदा कशाचेही चित्र नसतात. हात फिरला आणि खूण उमटली, एवढाच तो अनुभव असतो. प्रत्येकाला ‘छान, छान’ म्हणत फिरण्यालाही फारसा अर्थ नाही. जे दिसते ते सांगा : ‘हा निळा पट्टा तू या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता नेलास.’ आपण खरोखर पाहिले, हे मुलाला त्यातून कळते.

एकदा साडेचार वर्षांचा एक मुलगा पूर्ण तासभर नुसत्या पट्ट्या कापत बसला. चिकटवायला तो तयार नव्हता. प्रत्येक तुकडा पडला की मान वाकवून तो कुठे पडला ते पाहायचा, आणि पुन्हा कात्री उघडायचा. सुरुवातीला त्याचे कापणे वेडेवाकडे होते, अंगठा खाली झुकलेला होता. शेवटच्या दहा मिनिटांत अंगठा वर आला होता आणि तुकडे जवळजवळ चौकोनी पडू लागले होते. ते सारे तुकडे मी पाकिटात भरून, वर त्याचे नाव लिहून आईच्या हाती दिले आणि अंगठ्याची गोष्ट सांगितली. साहित्याच्या यादीतले पाकीट त्यासाठीच आहे.

८. स्पर्धा आणि बक्षिसे ठेवू नका

आयोजकांकडून क्रमांक काढण्याचा आग्रह होतो. त्यांना सांगण्यासाठी एक अभ्यास लक्षात ठेवा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, त्या मुलांनी पुढे मोकळ्या वेळात चित्रे काढण्यात इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे कमी वेळ घालवला. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले होते, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. सर्वांना सहभागाचे पत्र द्यायचे असेल तर ते जाताना द्यावे, आधी त्याचा उल्लेख करू नये.

९. आवराआवर हा कार्यशाळेचाच भाग समजा

शेवटची दहा-पंधरा मिनिटे त्यासाठी राखून ठेवा आणि पाच मिनिटे आधी सूचना द्या. काम अचानक काढून घेतले तर रडारड होते. ‘अजून एक रंग लावून ब्रश पाण्यात ठेवायचा’ असे सांगितले की बहुतेक मुले ऐकतात. ब्रश गोळा करणे, रद्दी गुंडाळणे आणि टेबल पुसणे ही कामे तीन वर्षांची मुलेही आवडीने करतात. ब्रश पाण्यात केस खाली करून रात्रभर ठेवू नयेत. केस वाकतात आणि पुढच्या वेळी ते ब्रश निरुपयोगी ठरतात.

फुग्यावर कागदाचा लगदा चढवण्यासारखी कृती एका बैठकीसाठी निवडू नका. ती वाळायला दिवस-दोन दिवस लागतात, शिवाय फुटलेल्या फुग्याचे तुकडे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात.

१०. घरी पाठवताना आणि त्यानंतर

ओले चित्र गुंडाळू नका. वर्तमानपत्राच्या दोन कागदांमध्ये आडवे ठेवून द्या. अर्जावर नाव असलेल्या व्यक्तीच्याच हाती मूल सोपवा, मग दारातल्या माणसाला तुम्ही कितीही ओळखत असलात तरी.

सगळे गेल्यावर, खोली आवरण्याआधी, एका वहीत पाच मिनिटे नोंद करा : कोणते साहित्य आधी संपले, कोणते तसेच उरले, किती मुलांनी दुसरा कागद मागितला, कोणत्या कोपऱ्यात गर्दी झाली आणि तुमचा स्वतःचा हात कुणाच्या कागदावर गेला का. माझ्या वहीत पहिल्या काही कार्यशाळांत या शेवटच्या रकान्यात दरवेळी दोन-तीन नावे आहेत, आणि पुढच्या वेळी त्या मुलांशेजारी बसताना मी हात मागे घेऊन बसते.